अमानतीचे बंदर



"कोकणातल्या माणसाने समुद्र बघायला केरळात कशाला जायचं? आपल्या परसदारी काय तळं आहे?" कोझिकोडला जायचे ठरले तेव्हा आमच्या थोरल्या आपाने हा पहिला सवाल केला. तिचे म्हणणे खोटे नव्हते. दाभोळ खाडीच्या काठी आमचे घर. भरतीला पाणी गडग्यापर्यंत येते आणि ओहोटीला कालवे काढणाऱ्या बायांचे बोलणे पडवीत ऐकू येते. तरीही बॅग भरून सर्वांआधी तयार झाली ती आपाच!

आम्ही चौघे निघालो. आम्ही, बेगम, कॉलेजात शिकणारी लेक आणि आपा. दूल्हाभाईंचा इंतकाल होऊन सहा वर्षे झाली, तेव्हापासून आपा चिपळूणला मुलाकडे असते. परत आल्यावर तिला आमच्याबरोबर दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जाऊन एका कागदावर सही करायची होती. अब्बांच्या पश्चात चार वर्षे रखडलेले ते काम. प्रवासात त्याचा विषय काढायचा नाही, असे आम्हीच मनाशी ठरवले होते.

जायला सोपे आहे. मुंबईहून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेच्या मार्गाने येते. चिपळूणला बसलो, रात्रीत गोवा आणि कारवार मागे पडले आणि सकाळी डोळे उघडले तर बाहेर नारळ, केळी, लाल माती आणि जांभ्याच्या चिऱ्यांची घरे. "अरे, आपण पोचलो की परत घरी आलो?" आपा म्हणाली. त्या जांभ्याला इंग्रजांनी शास्त्रीय नाव दिले तेही याच मलबारात. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या साहेबाने अंगाडिप्पुरम येथे लोकांना मातीची वीट कापावी तसा हा दगड कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला 'लॅटराइट' म्हटले. आमच्या गावात गवंडी त्याला नुसता चिरा म्हणतात.

जिथे धक्काच नाही ते बंदर

कोझिकोड म्हणजे शाळेच्या इतिहासातले कालिकत. आम्हाला वाटले होते, एवढे नावाजलेले बंदर म्हणजे मोठी खाडी असेल, डोंगराचा आडोसा असेल. किनाऱ्यावर गेलो तर सरळ उघडा समुद्र! आपल्या दाभोळ-जयगडासारखा आत शिरलेला आसरा नाही. जुनी जहाजे दूर खोल पाण्यात नांगरून राहायची आणि माल लहान होड्यांतून किनाऱ्यावर यायचा. पाण्यात जुन्या लोखंडी धक्क्याचे गंजके खांब दिसतात, तेही इंग्रजी अमदानीतले. पावसाळ्यात तर इथे जहाज टिकणेच कठीण.

मग चीनपासून येमेनपर्यंतचे व्यापारी आडोशाची बंदरे सोडून याच उघड्या किनाऱ्यावर का येत होते? याचे उत्तर सहाशे-सातशे वर्षांपूर्वी इथे आलेल्या दोन मुसाफिरांनी लिहून ठेवले आहे.

पहिला इब्ने बतूता. १३४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनच्या बादशहासाठी नजराणे घेऊन कालिकतला आला. तेव्हा बंदरात तेरा चिनी जहाजे उभी होती असे तो सांगतो. निघायच्या वेळी जुम्मा होता, म्हणून नमाजसाठी तो किनाऱ्यावरच थांबला. तेवढ्यात समुद्र खवळला. नजराण्यांचे जहाज फुटले, त्यावरची माणसे बुडाली आणि ज्या दुसऱ्या जहाजावर त्याचे सामान होते ते त्याला मागे टाकून निघून गेले. त्याच्याजवळ उरले दहा दिनार आणि अंगाखाली अंथरायची सतरंजी. पण अशा हालातही त्याने एक गोष्ट टिपली. फुटलेल्या जहाजाचा माल लाटांबरोबर किनाऱ्याला लागत होता आणि राजाचे शिपाई लोकांना त्याला हात लावू देत नव्हते. मलबारात इतरत्र फुटलेल्या जहाजाचा माल राजाच्या खजिन्यात जमा होई. कालिकतला मात्र तो ज्याचा त्याला मिळे. हे शहर एवढे भरभराटले ते याच कारणाने, असे त्याने स्वच्छ लिहिले आहे.

दुसरा अब्दुर्रज्जाक समरकंदी, हेरातच्या शाहरुखचा वकील. तो १४४२ च्या अखेरीस आला. तो लिहितो की व्यापारी इथे जहाजावरचा माल उतरवून बाजारात ठेवतात आणि महिनोन् महिने त्याकडे फिरकत नाहीत. राखणीची जबाबदारी जकातीच्या अंमलदारांची. माल विकला गेला तर चाळीसावा हिस्सा घ्यायचा, विकला नाही तर काहीही घ्यायचे नाही. चाळीसावा हिस्सा! लेकीने लगेच हिशोब केला, "अडीच टक्के. म्हणजे आपल्या जकातीएवढेच." एका हिंदू राजाच्या बंदरावरचा कर आणि आपल्या जकातीचे प्रमाण जुळावे हा योगायोगच असेल, पण ऐकून आम्हा सर्वांना बरे वाटले.

इथल्या राजाला सामूदिरी म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचे 'झामोरिन' केले. दुसऱ्याची ठेव ज्याची त्याला पोचती करायची, हीच या उघड्या बंदराची तटबंदी होती. आपल्या भाषेत सांगायचे तर अमानत.

कुट्टिचिराचे तळे

दुपारी वलियंगाडीत गेलो. वलियंगाडी म्हणजे मोठा बाजार. तांदळाच्या आणि मसाल्याच्या वखारी, हातगाड्या, पाठीवर पोती वाहणारे हमाल. तिथून चालत जाता येते असा मोहल्ला म्हणजे कुट्टिचिरा. मधोमध चौकोनी तळे, भोवती जुनी कौलारू घरे आणि काठावर मिष्काल मशीद.

मशीद पाहून लेक गोंधळली. ना घुमट, ना मिनार. चढत्या उतरत्या कौलांचे चार मजले, लाकडी गवाक्षे, निळ्या-हिरव्या रंगाच्या फळ्या. एखाद्या जुन्या वाड्यासारखीच ती दिसते. केरळच्या जुन्या मशिदी अशाच असतात, कारण त्या इथल्याच सुतारांनी, इथल्याच लाकडात आणि इथल्याच पावसाला तोंड देण्यासाठी बांधल्या. ही मशीद चौदाव्या शतकात नाखुदा मिष्काल या जहाजमालकाने बांधली. चीन, येमेन आणि इराणशी व्यापार करणाऱ्या या धनाढ्य माणसाचे नाव इब्ने बतूतानेही घेतले आहे.

आम्ही असरला आत गेलो. अजान आमच्या गावच्या वेळेलाच झाली. दख्खनच्या आमच्या हनफी वाचकांना हे नवल वाटेल, पण आम्ही कोकणी मुसलमान आणि मलबारचे मापिळा दोघेही शाफई. आमची असर थोडी लवकर होते आणि फजरच्या दुसऱ्या रकातीत इमामसाहेब कुनूत पढतात. अरबी किनाऱ्यावरून, विशेषतः येमेनकडून आलेल्या नाखुदांनी, व्यापाऱ्यांनी आणि आलिमांनी माल आणला, तसा आपला मसलकही आणला. माहीमचे मखदूम अली माहिमी शाफईच होते. घरापासून रात्रभराच्या अंतरावर, भाषा न कळणाऱ्या गावात सफेत उभे राहिलो आणि एकदाही परके वाटले नाही. अल्हम्दुलिल्लाह.

नमाजनंतर एका बुजुर्गांनी खुणेने आम्हाला वर पाहायला सांगितले. १५१० च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी शहरावर हल्ला केला तेव्हा या मशिदीला आग लावली होती. वरच्या भागात त्या जळितकाच्या खुणा अजून जपून ठेवल्या आहेत. पुढे १५७१ मध्ये सामूदिरीच्या फौजेने चालियमचा पोर्तुगीज किल्ला पाडला, तेव्हा त्याचे लाकूड मशिदीच्या दुरुस्तीला आले असे इथे सांगतात. ते ऐकताना आम्हाला आमचे दाभोळ आठवले. १५०८ च्या डिसेंबर अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळही असेच जाळले होते. दोन्ही गावांच्या जखमा वर्षभराच्या आतबाहेरच्या.

जवळच मुच्चुंडी मशीद आहे. तिथला शिलालेख अरबी आणि जुन्या मल्याळम अशा दोन भाषांत आहे. अभ्यासक तो तेराव्या शतकातला मानतात. अरबी मजकूर सांगतो की गुलामीतून मुक्त झालेल्या एका माणसाने स्वतःच्या पैशाने जागा घेऊन ही मशीद बांधली. मल्याळम मजकुरात राजाने मशिदीच्या खर्चासाठी करून दिलेल्या तरतुदीची नोंद आहे. एकाच दगडावर मुक्त गुलामाची कमाई आणि हिंदू राजाची देणगी. आमच्या लेकीला शाळेत एका मुलीने एकदा विचारले होते, "तुम्ही लोक मूळचे कुठले?" तेव्हा तिला उत्तर सुचले नव्हते. तिने त्या दगडाबद्दल वहीत दोन पाने लिहून घेतली. कशासाठी ते आम्ही विचारले नाही.

तळ्याकाठचे घर

आम्ही मशिदीत होतो तेवढा वेळ बेगम, आपा आणि लेक तळ्याच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. परत आलो तर कट्टा रिकामा. शोधाशोध केली तेव्हा समोरच्या मोठ्या घराच्या दारातून लेकीने हाक मारली. घरातल्या एका वृद्ध बाईने तिघींना पाहिले आणि आत बोलावून घेतले होते. लग्नानंतर त्यांचे मियाँ नोकरीला मुंबईत होते, म्हणून त्याही काही वर्षे भेंडीबाजारात राहिलेल्या. त्यामुळे मुंबईची हिंदी त्यांना बऱ्यापैकी येत होती. आम्हालाही ओसरीवर बसवले. सुलेमानी आली, म्हणजे लिंबू पिळलेला कोरा चहा. सोबत उन्नक्काय, पिकल्या केळ्याच्या पारीत ओले खोबरे आणि साखर भरून तळलेली. बेगमने तिथल्या तिथे कृती विचारून घेतली.

कुट्टिचिराच्या जुन्या घरांची रीत अशी की लग्न होऊन मुलगी घर सोडत नाही. नवरा तिच्या घरी येतो. त्याला पुदियाप्ला म्हणजे नवरदेव म्हणतात आणि केस पांढरे झाले तरी तो नवरदेवच राहतो! प्रत्येक मुलीसाठी घरात एक खोली राखलेली असते. घर आईकडून मुलींकडे जाते. अशा घराला तरवाड म्हणतात. एकेका तरवाडात पूर्वी शंभरावर माणसे राहत आणि पंगती पाळीपाळीने उठत.

ही रीत शरीयतची नव्हे, मलबारच्या मातीतली आहे, हे इथे सांगायला हवे. तिथल्या हिंदू घराण्यांतही ती होती. आलिमांनी तिच्यावर हरकतही घेतली, कारण शरीयतमध्ये मालमत्ता घराण्याची राहत नाही. प्रत्येक वारसाचा, मुलाचा आणि मुलीचा, वाटा ठरलेला असतो. मद्रास इलाख्यात १९३० नंतरच्या दशकात झालेल्या कायद्याने अशा मापिळा घरांची वाटणी करायला वाट मोकळी झाली. आता बहुतेक जोडपी वेगळ्या घरांत राहतात. घरमालकिणीने त्रासही लपवला नाही. "चाळीस जण वाटेकरी आहेत. कौल फुटलं तर कोणी बदलायचं यावर दोन पावसाळे भांडण चालतं," असे म्हणून त्या हसल्या.

मग त्यांनी सहज आपाला विचारले, "तुमचं घर कुठे?"

आपा म्हणाली, "मी मुलाकडे असते."

"ते मुलाचं. तुमचं?"

"माहेर आहे खाडीवर. हा माझा भाऊ, तिथे हा असतो."

"म्हणजे ते भावाचं. तुमचं कुठलं?"

आपाने कप खाली ठेवला आणि घड्याळाकडे पाहिले. मगरिबची वेळ होत आली होती. आम्ही सलाम करून उठलो.

काप्पाड आणि कोट्टक्कल

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून उत्तरेला गेलो. काप्पाडचा किनारा शहरापासून सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरवर. स्वच्छतेबद्दल त्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग मिळाला, आणि किनारा खरोखरच तसा राखला आहे. रस्त्याकडेला एक लहानसा दगडी स्तंभ आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा इथे उतरला, एवढेच त्यावर लिहिले आहे. काही अभ्यासकांच्या मते तो थोडा उत्तरेला पंदलायनीजवळ उतरला. आफ्रिकेच्या मालिंदीहून जाणता वाटाड्या बरोबर होता म्हणूनच त्याला अरबी समुद्र ओलांडता आला, हे मात्र स्तंभावर नाही. दुसऱ्या खेपेला, १५०२ मध्ये, त्याने हजहून परतणारे जहाज लुटले आणि बायका-पोरांसह जाळले, तेही नाही. ज्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाच्या मालालाही कोणी हात लावत नव्हते, तिथे भर समुद्रात हाजींना जाळणारे आले.

त्यांच्याशी जवळजवळ शंभर वर्षे झुंजले ते सामूदिरीचे आरमारप्रमुख कुंजाली मरक्कार. एकामागून एक असे चौघे झाले. वडकराजवळच्या कोट्टक्कलला त्यांच्या आठवणीत लहानसे संग्रहालय आहे, तिथे तोफगोळे आणि तलवारी पाहायला मिळतात. शेवटी सामूदिरी आणि चौथा कुंजाली यांच्यातच फाटले. १६०० मध्ये जीवदानाच्या वचनावर कुंजाली शरण आला. वचन पाळले गेले नाही. पोर्तुगीजांनी त्याला गोव्याला नेऊन मारले. परक्यांनी जाळले ते एक दुःख, पण इथे घरच्यांनीच भरवसा मोडला होता. परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

रात्री बेगमने विषय काढला. आपा पलीकडच्या खोलीत झोपली होती. "त्या बाईंनी विचारलं त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?" आम्ही म्हणालो, "आपा स्वतःच सही करायला तयार आहे. मला काही नको म्हणते." बेगम म्हणाल्या, "माहेर तुटेल या भीतीने म्हणते. मीही माझ्या भावांना असंच म्हटलं होतं."

लग्नाला चोवीस वर्षे झाली. ही गोष्ट आम्हाला त्या रात्री प्रथम कळली.

बेपूरचा हत्ती

तिसरा दिवस बेपूरचा. कोझिकोडच्या दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटरवर चालियार नदी समुद्राला मिळते, तिथे उरू बांधतात. उरू म्हणजे लाकडी गलबत, पण केवढे! उभारलेला सांगाडा पाहायला मान मागे टाकावी लागते. निलंबूरच्या जंगलातले सागवान पूर्वी याच नदीतून वाहत खाली यायचे. कागदावर नकाशा नसतो. सगळे माप मुख्य मेस्त्रीच्या डोक्यात असते आणि ते बापाकडून, उस्तादाकडून आलेले. अरब देशांतले गिऱ्हाईक अजूनही इथे उरू बांधून घेतात. तयार झालेली उरू ओंडके, दोर आणि कप्प्या लावून पाण्यात ढकलणाऱ्यांना इथे खलाशी म्हणतात. हा शब्द ऐकून आपा खूश झाली. आमचे पणजोबा गलबतावर तांडेल होते, हे तिने तिथल्या सुताराला मराठीतच सांगून टाकले. त्यानेही मान डोलावली!

जवळच समुद्रात सुमारे किलोमीटरभर गेलेला दगडी बांध आहे. त्यावरून चालताना दोन्ही बाजूंना पाणी असते आणि समोर चालियमला माणसे-गाड्या नेणारी जंकार ये-जा करताना दिसते.

बेपूरला वैकम मुहम्मद बशीर राहत. मल्याळमचे हे थोर लेखक १९९४ मध्ये वारले. लोक त्यांना प्रेमाने बेपूरचा सुलतान म्हणत. १९५१ साली आलेल्या त्यांच्या एका कादंबरीचे नावच आहे 'माझ्या आजोबांचा हत्ती होता'. त्यात एक कुटुंब कोर्टकज्ज्यात मालमत्ता घालवून बसते, तरी घरची बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला बापाच्या हत्तीची बढाई सांगत राहते. लेकीने ही गोष्ट बांधावर बसून सांगितली. सगळे हसले. आम्हीही हसलो, पण हसू घशात अडकले.

आमचाही हत्ती आहेच की! आमचे पूर्वज नाखुदा होते, आमचा मसलक येमेनहून आला, दाभोळला आमच्या वखारी होत्या, हे आम्ही या पानावरही अनेकदा लिहिले. आणि घरात काय? अब्बांच्या पश्चात चार हंगामांचे आंबे आम्ही विकले. वारस दोनच, एक भाऊ आणि एक बहीण. अम्मी अब्बांच्या आधीच गेलेल्या. हिशोबाला मुफ्तीसाहेबांचीही गरज नाही. तीन वाटे करायचे, दोन आमचे, एक आपाचा. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे. पाच वक्त नमाजात आम्ही शाफई वेळेचा आग्रह धरतो, पण शाफई फिकहच्या त्याच किताबांत विरासतीचाही बाब आहे, हे सोयीने विसरतो. कोझिकोडच्या दक्षिणेला पोन्नानी आहे. तिथल्या जैनुद्दीन मखदूम यांचा 'फत्हुल मुईन' हा शाफई ग्रंथ आजही मदरशांत शिकवला जातो. त्यातही हा बाब आहेच.

सातशे वर्षांपूर्वी इथल्या शिपायांनी लाटेने आणून टाकलेला अनोळखी माणसाचा माल राखला. आम्ही सख्ख्या बहिणीचा वाटा चार वर्षे खाल्ला आणि वर तिच्या सहीचा कागद तयार केला. त्या कागदाला आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हणतात. नावातच कबुली आहे, हक्क तिचा आहे.

परतल्यावर

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. जून ते सप्टेंबर पाऊस आपल्या कोकणासारखाच कोसळतो. तीन दिवस पुरतात. बिर्याणी लहान दाण्याच्या सुवासिक जीरकशाला तांदळाची, आपल्यापेक्षा कमी तिखट. पत्तिरी म्हणजे आपली तांदळाची भाकरीच, फक्त कागदासारखी पातळ. तांदळाचे पीठ भरून उकडलेले आणि मग तळलेले शिंपले, कल्लुम्मक्काय, चुकवू नका. एसएम स्ट्रीटवर हलवा घ्या. तेलकट असतो पण आठ-दहा दिवस टिकतो. मशिदीत जाताना आधी विचारून जावे आणि फोटो परवानगीनेच काढावेत.

परतीच्या गाडीत, कारवार गेल्यावर, आम्ही आपाला म्हणालो, "कचेरीत जायचं नाही. तो कागद फाडून टाकू. तुझं नाव लावू."

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "लोक म्हणतील, बहिणीने भावाकडून वाटा घेतला."

"लोकांना सांगू, भावाने ठेव परत केली."

"आणि मला नको असेल तर?"

"आधी तुझ्या हातात येऊ दे. मग ठेव, वीक, दान कर. तुझं तू ठरव."

आता वारसनोंदीचा अर्ज दिला आहे. सातबाऱ्यावर दोन्ही नावे लागायला वेळ लागेल, ते काम कचेरीच्या गतीनेच होणार. चार हंगामांच्या आंब्यांचा हिशोब आम्ही वहीत मांडला आणि तिसरा हिस्सा आपाच्या खात्यावर हप्त्याने भरतो आहोत. एकदम देण्याएवढे पैसे हाताशी नव्हते, हेही कबूल करतो. बेगमच्या माहेरी अजून काही बोलणे झालेले नाही. ते काम त्यांच्या भावांचे आहे, पण हा अंक त्यांच्याही घरी जातो.

गेल्या महिन्यात आपा आठ दिवस राहून गेली. पूर्वी ती आली की पाहुणीसारखी पडवीत बसायची. यावेळी दुसऱ्याच दिवशी शिडी लावायला सांगितली, माळ्यावरची फुटकी कौले मोजली आणि कौलारूवाल्याला बोलावून घेतले. निघताना खर्चाचा तिसरा हिस्सा न मागता टेबलावर ठेवला. आम्ही नको म्हणालो, तर म्हणाली, "का? घर माझं नाही का?"

अल्लाह आपल्या सर्वांना ज्याची ठेव त्याला पोचती करण्याची तौफीक देवो. आमीन.